दिवे घाटातला सरासरी वेग

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यात लांब टप्प्यांपैकी एक, तीसेक किलोमीटरचा, आणि दमल्या पायांनी शेवटाकडे चढायचा तो दिवे घाट. पुण्याहून निघालो तेव्हा टाळांच्या ठेक्यात पाय आपोआप पडत होते. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे वळली नि आम्ही सासवडच्या रस्त्याला लागलो. वडकी नाल्याच्या विसाव्यानंतर मात्र सगळंच मंदावलं. घाटात रथाला ज्यादा बैलजोड्या जुंपतात. दिंडीतल्या माणसाला तशी सोय नाही, पुढच्याची टाच बघत चढायचं.

आमच्यात इंजिनिअरिंगचा एक पोरगा होता. वळणावर पाणी पिताना म्हणाला, "माउली, सपाटीला ताशी 4 किलोमीटर, घाटात 2. म्हणजे सरासरी 3!"

म्हटलं, थांब. हडपसरपासून सपाटीचे 12 किलोमीटर धर, त्याला 3 तास. घाटाचे 4 धर, त्याला 2 तास. अंतर 16, वेळ 5 तास. भागून बघ, 3.2 येतात. सपाटीवर आपण जास्त वेळ चाललो, म्हणून आकडा 4 कडे झुकला. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ चाललो असतो, तरच 3 बरोबर. आणि विसावा, चहा, अभंगाला थांबणं मिळून 3 तास गेले असतील तर? 16 भागिले 8. सपाटीवर एवढं चालूनही सरासरी 2, म्हणजे घाटातलाच वेग! फोनमधली ॲपं बऱ्याचदा थांबलेला वेळ गाळून वेग दाखवतात, म्हणून पोरं खूश असतात.

पोरगा हट्टी. "घाट 2 च्या वेगाने चढलो. माथ्यावरून पुढचे 4 किलोमीटर पळत सुटलो, तर या आठांची सरासरी 4 होईल की!"

हा प्रश्न मला फार आवडला. ताशी 4 ने 8 किलोमीटरला लागतात 2 तास, आणि ते तर घाटातच संपले. उरलेले 4 शून्य वेळात कापावे लागतील. 12 च्या वेगाने पळालास तरी 20 मिनिटं जातात, सरासरी साडेतीनच्या खालीच राहते. तो बराच वेळ गप्प चढला. वीणेकरी बाबा हसून म्हणाले, "पळू नका माउली, रांग मोडते."

माथ्यावर सहा वाजले. ट्रकवरून स्वयंपाकाच्या मावशींचा फोन, भात किती वाजता टाकू? पोरगा सरासरी 2 धरून 8 किलोमीटरला 4 तास सांगणार, तेवढ्यात मी फोन घेतला. पुढे चढ नाही, मोठा विसावा नाही; चालीचे 2 तास, अर्धा तास थांबायचा. साडेआठला तळावर. "पण समाजआरती, म्हणजे तळावरची सगळ्या दिंड्यांची एकत्र आरती, झाल्याशिवाय कुणी पंगतीला बसणार नाही," म्हटलं, "भात नऊला उतरेल असा टाका."