तुम्ही विचारलंत म्हणून : जेनीला काय मिळालं?

"ही कादंबरी तुम्ही ज्याला त्याला वाचायला देता, आणि निम्मे लोक नाराज होऊन परत आणतात. तरी का देता?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा बसून नीट उत्तर द्यायला हवं.

कादंबरी आहे जॉर्जेट हेयर यांची 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट', १९६१ सालची. इंग्लंडमधल्या रीजन्सी काळावर, म्हणजे तिसऱ्या जॉर्जच्या आजारपणामुळे त्याचा मुलगा रीजंट म्हणून कारभार पाहत होता त्या १८११ ते १८२० या वर्षांवर, हेयर यांनी पुष्कळ लिहिलं. आज या काळावरच्या प्रेमकथांचं जे भरगच्च दालन दिसतं, त्याचा पाया बऱ्याच अंशी त्यांनी घातला. आपल्याकडेही फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत त्यांची पेपरबॅक पुस्तकं कित्येकींच्या हाती आली. ज्यांना त्या आवडतात त्यांना त्यांचा खेळकरपणा आवडतो. चटपटीत संवाद, ऐटबाज नायक, हट्टी नायिका, आणि शेवटच्या पानावर मिठी. 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' उघडताना वाचक हेच मनात धरून बसलेला असतो. भांडण सुरू होतं ते इथूनच.

गोष्ट १८१४-१५ मधली. ॲडम डेव्हरिल हा ५२व्या पलटणीतला कॅप्टन, स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढलेला, पायाने किंचित अधू झालेला. वडील अचानक जातात, त्यांची सरदारकी मिळून तो व्हायकाउंट लिंटन होतो आणि त्याच वेळी त्याला कळतं की घर कर्जात बुडालंय. लिंकनशायरमधली फॉन्टली प्रायरी ही वडिलोपार्जित वास्तू विकण्याची वेळ आलीय. ज्युलिया ओव्हरस्लीवर त्याचं प्रेम आहे, तिचंही त्याच्यावर. पण ज्युलियाचे वडीलच त्याला दुसरा मार्ग सुचवतात. लंडनच्या 'सिटी' या व्यापारी पेठेतल्या जोनाथन चॉली या गडगंज व्यापाऱ्याला आपल्या एकुलत्या एका मुलीसाठी सरदार जावई हवा आहे. मुलगी जेनी. बुटकी, जाडसर, लाजरी, दिसायला साधी, आणि ज्युलियाची शाळेतली मैत्रीण. ॲडमवर तिचं आधीपासून मुकाट प्रेम आहे, पण ते फक्त तिलाच माहीत.

लग्न होतं. बाकीची कादंबरी म्हणजे लग्नानंतरचं एक-सव्वा वर्ष. पळून जाणं नाही, द्वंद्वयुद्ध नाही. नाश्ता, पाहुणे, सासऱ्याच्या भेटवस्तूंवरून होणारे खटके, शेतातल्या पाण्याचा निचरा, बाळंतपण. ॲडमच्या मनातून ज्युलिया कितीतरी पानं हलत नाही, आणि जेनीला ते दिसत असतं.

आता नाराजी. पहिली तक्रार असते, "यात प्रेम कुठे आहे?" तिला मी फार अडवत नाही. ज्याला मिठी हवी होती त्याला संसार मिळाला, तर तो रागावणारच. हेयर यांचीच 'द ग्रँड सोफी' किंवा 'फ्रेडरिका' नुकतीच वाचून कुणी हिच्याकडे वळलं की पहिल्या शंभर पानांत पुस्तक मिटतं.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणते, ॲडम कृतघ्न आहे. सासऱ्याच्या पैशावर घर वाचवतो आणि त्याच सासऱ्याने लंडनचं घर भडक सजवलं म्हणून ओठ आवळून बसतो. बायको त्याला काय खायला आवडतं, काय खपत नाही, सगळं लक्षात ठेवते. तो मात्र ज्युलियाच्या आठवणीत. असं म्हणणाऱ्या फक्त तरुण मुली असतील असं मला वाटलं होतं. तसं अजिबात नाही. आपल्याकडे ठरवून झालेलं लग्न आणि मग हळूहळू जमत गेलेला संसार ज्यांनी स्वतः केला, अशा माझ्या ओळखीच्या बायकांना ही गोष्ट आपली वाटेल असा माझा अंदाज होता. त्यांतल्या काहींना वाटलीही. पण ॲडमवर सगळ्यांत कठोर त्यांच्यातल्याच एक बाई निघाल्या. त्या म्हणाल्या, "तिने त्याच्या सगळ्या आवडी पाठ केल्या. त्याने तिची एक तरी केली का, ते मला दाखव."

मला ते वाक्य टाळता आलं नाही. ते मनात धरून मी कादंबरी पुन्हा वाचली, आणि उत्तर म्हणून एक प्रसंग हाती आला. जेनी गरोदर असते. लंडनचे नामांकित डॉक्टर तिला जवळजवळ उपाशी ठेवतात. गरोदर बाईचं अंग 'उतरवायचं', खाणं तोडायचं, ही त्या काळची प्रतिष्ठित वैद्यकी होती. कथेनंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, रीजंटची मुलगी युवराज्ञी शार्लट मृत मुलाला जन्म देऊन काही तासांत गेली. गरोदरपणी तिचाही आहार असाच तोडला होता आणि वर रक्तही काढलं होतं. १९६१च्या इंग्रज वाचकाला हे माहीत असेल, असं हेयर यांनी धरलं असावं. कादंबरीत ॲडमच्या लक्षात येतं की जेनी खंगत चाललीय, आणि तो ते सगळं थांबवून तिला गावाकडे नेतो. गुलाब नाहीत, कविता नाही. बायको उपाशी आहे हे त्याला दिसलं आणि त्याने तिला जेवू घातलं. मी हे त्या बाईंना सांगितलं. "एक झालं," त्या म्हणाल्या.

तिसरी तक्रार हेयर यांच्याबद्दलच आहे, आणि ती झटकून टाकता येणार नाही. उमराव घराण्यांकडे त्यांचा ओढा स्पष्ट आहे. व्यापारी म्हटला की मोठ्याने बोलणारा, भडक, शिष्टाचार न कळणारा. 'द ग्रँड सोफी'त तर एका ज्यू सावकाराचं चित्र इतकं विखारी आहे की ते वाचताना आजही संताप येतो. आणि ते पुस्तक १९५०चं, युरोपात ज्यूंचं काय झालं हे जगाला कळल्यानंतरचं. म्हणून चॉलीची पानं काही वाचक कपाळाला आठ्या घालूनच वाचतात. मला मात्र वाटतं, हा एक माणूस लेखिकेच्या पूर्वग्रहाच्या पकडीतून सुटला. चॉली भडक आहे, दुसऱ्याच्या घरात हुकूम सोडतो, पैशाने सगळं मिळतं असं धरून चालतो. पण हाच माणूस चिनी मातीच्या नाजूक भांड्यांचा जाणकार संग्राहक आहे. त्याला सौंदर्य कळतं, फक्त ते कुठे थांबवावं हे कळत नाही. मुलीवर त्याचा इतका जीव आहे की तिला सुख देताना तो तिला गुदमरवून टाकतो. तिच्या बाळंतपणाच्या वेळी त्याची जी घालमेल होते ती वाचून, जे वाचक त्याला हसत आले होते ते हसायचे थांबतात. नातवाचं नाव ठेवतात गाइल्स जोनाथन, त्यातलं जोनाथन त्याचं. ॲडमपेक्षा चॉली जास्त आवडला, असं सांगणारे मला कितीतरी भेटले आणि मला ते पटतं.

पण खरा वाद आहे शेवटाचा.

नेपोलियन एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून निसटून मार्च १८१५ मध्ये पॅरिसला परततो. जूनमध्ये बेल्जियममध्ये युद्धाला तोंड फुटतं. लंडनला बातमी येत नाही, येतात त्या अफवा : सेनापती वेलिंग्टन हरला, सैन्य पळतंय. बाजार कोसळतो. घाबरलेला चॉली जावयाला निक्षून सांगतो की असेल ते सगळं विकून टाक. ॲडम बरोबर उलटं करतो. वेलिंग्टनच्या हाताखाली तो लढलाय, आपली पलटण त्याला माहीत आहे. तो आणखी पैसे उचलतो आणि सरकारी रोखे विकत घेतो. मग वाट बघणं. वॉटर्लूची लढाई १८ जूनला झाली. वेलिंग्टनचा दूत मेजर हेन्री पर्सी विजयाची बातमी आणि फ्रेंचांकडून हिसकावलेले दोन गरुडध्वज घेऊन लंडनला पोहोचला तो २१ जूनच्या रात्री. मधले दिवस ॲडम कसे काढतो ती पानं मला या कादंबरीतली सर्वांत ताकदीची वाटतात. हेयर यांनी १९३७ सालीच 'ॲन इन्फेमस आर्मी'त वॉटर्लू प्रत्यक्ष रणांगणावरून लिहिली होती. इथे तीच लढाई एका माणसाच्या पोटातल्या खड्ड्यातून कळते.

ॲडम जिंकतो. सासऱ्याच्या पैशावर अवलंबून राहण्याची वेळ संपते. एव्हाना ज्युलियाने वयाने मोठ्या, श्रीमंत मार्क्विसशी लग्न केलेलं असतं. ती पुन्हा समोर येते तेव्हा ॲडमला उमगतं की आपण जिच्यासाठी झुरलो ती मुलगी आपल्याच मनात घडवलेली होती. मग तो जेनीला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे, तुझ्याशिवाय मला चालणार नाही. आणि जेनी, जिचं मन आपल्याला आजवर बहुतेक बाहेरूनच दिसलं, ती मनाशी म्हणते की हे प्रेम वेगळं आहे, शिखरावरचं नाही, कदाचित जास्त टिकेल. आणि माणसाला दोन्ही मिळत नाही. तिला एक बारीकशी कळही येते. हेयर ती लपवत नाहीत.

इथे वाचक फुटतात. एक गट म्हणतो, किती सुंदर, किती खरं. दुसरा म्हणतो, जेनीने उरलेलंसुरलेलं पदरात घेतलं आणि लेखिका आपल्याला त्यात गोडी मानायला सांगते. मला दुसऱ्या गटाचं दुःख समजतं. आयुष्यभर प्रेम केलेल्या मुलीला शेवटी 'तुझ्याशिवाय चालणार नाही' एवढंच मिळावं?

माझं म्हणणं पैशापाशी येऊन थांबतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न होताच बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याकडे जाई. श्रीमंत बाप लग्नाआधी करारमदार करून थोडंफार राखून ठेवत तेवढंच. हे बदललं १८७० आणि १८८२च्या कायद्यांनी. घटस्फोटाचं साधं न्यायालयही १८५७पर्यंत नव्हतं, त्यासाठी पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करवून घ्यावा लागे. जेनी आणि ॲडम दोघांनाही परतीचा रस्ता नव्हता. अशा लग्नात, सासऱ्याच्या पैशावर उभ्या असलेल्या घरात, ॲडमने पहिल्या वर्षी "तू मला आवडतेस" म्हटलं असतं तर जेनीने त्यावर विश्वास कसा ठेवला असता? तो सभ्य माणूस आहे, देणं लागतो म्हणून बोलला असेल, हा संशय तिच्या मनातून कधीच गेला नसता. त्याच्याही मनातून गेला नसता. म्हणून हेयर आधी त्याला स्वतःच्या पैशावर उभं करतात, मग ज्युलियाला मोकळ्या डोळ्यांनी बघू देतात, आणि त्यानंतरच त्याला बोलू देतात. तोवर जेनीला खूश ठेवण्याचं कुठलंही व्यवहारी कारण त्याच्यापाशी उरलेलं नसतं. तो जे बोलतो ते मोकळ्या माणसाचं बोलणं आहे. हेयर यांच्या इतर नायकांची शेवटच्या पानावरची घोषणा मला अनेकदा गोड वाटते, पण इतकी विश्वासार्ह एकही वाटलेली नाही.

म्हणून मी तिला प्रेमकथाच मानते. त्यात जेनीने मोजलेली किंमत मोठी आहे, आणि ती किंमत डोळ्यांआड न करता प्रेमकथा लिहिणं फार थोड्यांना जमलंय. ज्यांना ती किंमतच जास्त दिसते त्यांनी पुस्तक चुकीचं वाचलेलं नाही. त्यांनी जेनीची बाजू घेतली, आणि जेनीची बाजू घेणारं कादंबरीत बापाखेरीज फारसं कुणी नाही. ती नाराजी घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण इतक्या साध्या, अबोल मुलीसाठी कुणी तावातावाने भांडतंय.

शेतीच्या पानांबद्दल जाता जाता सांगते. नॉरफोकमधल्या कोक या जमीनदाराचे हॉल्खम या त्याच्या जमिनीवरचे शेतीचे प्रयोग, खतं, पिकांची फेरपालट यांचा ॲडमला ध्यास लागतो, आणि पुष्कळजण ती पानं उलटून पुढे जातात. कृपा करून उलटू नका. जेनी त्या विषयावर त्याच्याशी बोलायला शिकते, आणि ही दोघं एकमेकांशी खऱ्या अर्थाने बोलताना आपल्याला पहिल्यांदा दिसतात ती याच विषयावर.

तर, का देते? ज्यांनी हेयर अजिबात वाचलेल्या नाहीत त्यांना मी ही देत नाही, आधी 'फ्रेडरिका' देते. ज्यांना नुकतं कुणी सोडून गेलंय त्यांनाही देत नाही. ज्युलियाची पानं तेव्हा सोसत नाहीत. बाकी सगळ्यांना देते. परत आणाल तेव्हा आवडली की नाही ते नंतर सांगा. आधी मला सांगा, शेवटच्या पानावर जेनी मनाशी जे म्हणते ते तुम्ही तिला म्हणू दिलं असतंत का. त्या बाईंनी अजून दिलेलं नाही, आणि आमचं त्यावर अजून चालू आहे.