महसुली गावाचा दर्जा: आमची वाडी लोकसंख्येच्या दाखल्यावर अडली

वाडीला महसुली गाव, म्हणजे महसूल दप्तरात स्वतंत्र नोंद असलेलं गाव, करून घ्यायच्या खटपटीत जे कुणी आहेत त्यांना आधीच सांगतो: ग्रामसभेचा ठराव, नकाशा, गट नंबरांची यादी हे सगळं जमतं. गाडं अडतं ते लोकसंख्येवर. आमचंही तिथेच अडलं आणि तो राग अजून गेलेला नाही.

जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 4 खाली स्वतंत्र गाव जाहीर करता येतं, म्हणून प्रस्ताव दिला. तहसीलला पहिलाच प्रश्न, "जनगणनेप्रमाणे वाडीची लोकसंख्या किती? दाखला आणा."

2011 च्या जनगणनेचे तक्ते महसुली गावानुसार आहेत. गावाचा सहा आकडी कोड, पुढे घरं, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं. वाडी, पाडा, तांडा यांना वेगळी ओळच नाही. कारकुनाने ते पान काढलं, मूळ गावाच्या ओळीखाली पट्टी धरली आणि म्हणाला, "यात तुमची वाडी दाखवा." म्हणजे गाव नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून गाव नाही! त्याच पानावर खाली एक बेचिराख गाव होतं. तिथे माणूस राहत नाही, तरी नाव आहे, कोड आहे. राज्यात तेव्हा अशी 2,700 च्या आसपास गावं होती. आणि आमची नांदती घरं कुठल्याच रकान्यात नाहीत. संताप आला.

तहसीलवाले ग्रामपंचायतीकडे बोट दाखवायचे, ग्रामपंचायत जिल्ह्याकडे. तोंडी नकार सगळे देत, लेखी कुणीच देईना. शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, "वाडीनिहाय आकडेवारी उपलब्ध नाही." हीच ओळ कामाला आली. जे सरकारकडेच नाही ते आमच्याकडे मागता येईना, आणि प्रांतसाहेबांनी पर्यायी पुरावा चालेल असं सांगितलं. प्रगणकांनी भरलेले मूळ फॉर्म मात्र मागत बसू नका, जनगणना कायदा 1948 प्रमाणे ते गोपनीय असतात.

मग नमुना 8 (ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची नोंदवही) वरची घरं, मतदार यादी आणि अंगणवाडीताईंची सर्वेक्षणाची वही यांचा ताळा घातला. सगळ्यात पक्की निघाली ती ताईंची वही. कोण सून बाळंतपणाला माहेरी गेली, कुठलं घर ऊसतोडीला गेलंय, सगळं शेऱ्यात लिहिलेलं. तलाठी आणि ग्रामसेवकांनी घरोघर फिरून पंचनामा केला, दोघांच्या सह्या झाल्या. हे काम तोडीची माणसं परत आल्यावरच करा, नाहीतर निम्म्या घरांना कुलूप दिसतं.

त्यानंतर अधिसूचना निघाली. त्या दिवशी वाडीत पेढे वाटले.

हो, प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. आणि महसुली गाव झालं म्हणजे ग्रामपंचायत वेगळी होते असं नाही. आम्ही अजून गट ग्रामपंचायतीतच, म्हणजे अनेक गावांच्या मिळून एका ग्रामपंचायतीत आहोत. ती मागणी 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली वेगळी करावी लागते.

ज्यांचे प्रस्ताव अजून पडून आहेत त्यांनी लक्षात ठेवा, 2027 च्या जनगणनेसाठी गावांच्या हद्दी 31 डिसेंबर 2025 नंतर गोठवायचं ठरलं होतं, म्हणजे त्यानंतर जाहीर झालेल्या गावाला त्या जनगणनेतही वेगळी ओळ नाही. तेव्हा प्रगणक दारात येईल त्या वेळी ताईंची वही तयार ठेवा, आणि एकही घर मोजायचं राहू देऊ नका.