आमची वाटचाल : समेचा ‘धा’ समेखालीच

आज आम्ही संगीताची लिपी छापायला मांडून देतो. त्याआधी मिरजेत आमचा साधा छापखाना होता. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उरुसाची हँडबिलं असलं काम. मी लग्न होऊन आले तेव्हा ट्रेडल मशीन कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं होतं आणि पुढच्या खोलीत दोन संगणकांवर डीटीपी चालायचं. माहेरी मी तबल्यात विशारद केलं होतं. लग्नानंतर तबला माळ्यावर गेला नाही एवढंच. त्याचा धंद्याशी संबंध येईल हे ध्यानीमनी नव्हतं.

तसा हा गावच संगीताचा. सतारमेकर गल्लीत आजही भोपळे वाळत घातलेले दिसतात. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले ते इथून जवळच कुरुंदवाडला, 1872 साली, आणि आपले गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले ते मिरजेतच. त्यामुळे एक दिवस तबल्याचे एक निवृत्त शिक्षक हातात दोनशे पानी वही घेऊन आमच्या दुकानात आले याचं नवल वाटायला नको होतं. परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी पुस्तक करायचं होतं. गुरुजी म्हणाले, “मात्रेखाली बोल बसव. बाकी नक्षी नको मला.” म्हणजे तालाच्या प्रत्येक मोजणीखाली तेव्हा वाजणारी तबल्याची अक्षरं.

मी ते पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबून दाबून बसवलं. माझ्या पडद्यावर सगळं एकाखाली एक, सरळ रेषेत. प्लेट करताना फॉन्ट बदलला गेला, स्पेस अरुंद झाली आणि बोलांच्या ओळी डावीकडे सरकल्या. पाचशे प्रती छापून झाल्यावर गुरुजींनी एक प्रत उघडली, चष्मा वर केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “पोरी, हा धा सोळाव्या मात्रेवर पडलाय.”

तो धा ज्या तिहाईतला होता ती मला अजून पाठ आहे, म्हणून इथे लिहिते. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या (तालाच्या एका फेरीच्या) पहिल्या मात्रेवर, येणं. ताल सोळा मात्रांचा तीनताल, सुरुवात कालापासून, म्हणजे टाळी न देता हात उघडा दाखवतात त्या नवव्या मात्रेपासून :

तिटकत गदिगन धा तिटकत | गदिगन धा तिटकत गदिगन | धा

तिटकत एक मात्रा, गदिगन एक मात्रा, धा एक मात्रा. असं तीनदा. पहिला धा अकराव्या मात्रेवर, दुसरा चौदाव्या, तिसरा समेवर. तिहाईचा सगळा जीव त्या तिसऱ्या धामध्ये असतो. तो एक मात्रा आधी छापला की मुलगा घरी तसाच घोकतो, आणि परीक्षेत हात समेच्या आधी येऊन थांबतो. आम्ही पाचशेच्या पाचशे प्रती पुन्हा छापल्या, आमच्या खर्चाने. अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. रात्री फक्त विचारलं, “हे नीट करायचं यंत्र आहे का कुठे?”

त्या प्रश्नातून आमचा आजचा व्यवसाय उभा राहिला.

पहिली गोष्ट कळली ती पानाच्या मांडणीची. सोळा मात्रा एका ओळीत कोंबल्या की चौगुनीच्या, म्हणजे चौपट लयीच्या, बोलांना जागा उरत नाही. म्हणून तीनताल आठ-आठ मात्रांच्या दोन ओळींत मोडायचा. सम डावीकडे वरच्या ओळीत, काल बरोबर तिच्या खाली. वरची ती तिहाई मग दुसऱ्या ओळीच्या पहिल्या घरातून, म्हणजे रकान्यातून, सुरू होते आणि मुलाच्या डोळ्यालाच कळतं की ही कालापासूनची आहे. झपताल पाच-पाच, एकताल सहा-सहा. धमाराचे विभाग, म्हणजे मात्रांचे गट, 5-2-3-4 असे वेडेवाकडे, तरी सात-सातला तोडला की आठव्या मात्रेचा काल नेमका समेखाली येतो. रूपक सात मात्रांचा, एकाच ओळीत मावतो. तालाची ही जी घडण आहे ती पानावर दिसली पाहिजे, हे आमचं पहिल्यापासूनचं म्हणणं, आणि त्यासाठी कागद जास्त लागला तरी आम्ही ग्राहकाशी वाद घालतो.

स्पेसबार त्या दिवसापासून बंद. माझ्या भाच्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आम्ही बोल साध्या मजकुरात टाइप करतो, एका मात्रेचे बोल सलग, मग मोकळी जागा, विभागाला उभी रेघ. प्रोग्रॅम मात्रा मोजतो, घरं आखतो आणि आवर्तनात पंधरा किंवा सतरा मात्रा झाल्या तर तिथेच थांबतो. लिलीपाँड नावाचं नोटेशनचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातही संगीत असं मजकूर म्हणून लिहितात. कल्पना तिथूनच घेतली.

मग गायनाची कामं येऊ लागली आणि अक्षरांचा प्रश्न उभा राहिला. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्याला वर टिंब. हाताने लिहिताना काहीच अडचण नाही. संगणकावर मात्र तार षड्जाचं टिंब म्हणून लोक सर्रास अनुस्वार देतात, ‘सां’. पण ‘रें’ लिहिलं की अनुस्वार मात्रेला चिकटून उजवीकडे जातो, टिंब स्वराच्या मधोमध राहत नाही. कोमल निषादाची रेघ वेलांटीसकट संपूर्ण ‘नि’खाली हवी, ती नुसत्या ‘न’खाली येते. आणि एका मात्रेत चार स्वर असले की त्या चारांखाली जो अर्धचंद्र काढायचा, तो कुठल्याच फॉन्टमध्ये तयार मिळत नाही, कारण त्याची लांबी दर मात्रेला वेगळी. तो आम्ही आजही अक्षरांची रुंदी मोजून स्वतंत्र आकृती म्हणून काढतो. पलुस्कर पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची वेगळी खूण असते. छापायला कष्टाची, पण लयीचा हिशेब अगदी चोख. ती आता फार कमी लोक मागतात. मागितली की मला मनापासून आनंद होतो.

स्टाफ नोटेशनकडे, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायच्या पाश्चात्त्य पद्धतीकडे, आम्ही वळलो ते नाइलाजाने. परदेशात राहणाऱ्या एका मराठी संगीतकाराला दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि तबला अशी रचना करायची होती, ताल रूपक. वादक तिकडचे, त्यांना आपली लिपी वाचता येत नव्हती. आम्ही फिनाले हे त्या नोटेशनचं सॉफ्टवेअर शिकलो, पुढे 2016 मध्ये डोरिको हे तसंच दुसरं आलं तेही घेतलं.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की या सॉफ्टवेअरचं आणि आपल्या कागदाचं जागेचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे प्रत्येक मात्रेचं घर सारखं. स्टाफमध्ये अंतर डोळ्याला बरं दिसेल असं ठरतं. दुप्पट लांबीच्या सुराला दुप्पट जागा मिळतेच असं नाही. मात्रा मोजायची सवय असलेल्या माणसाला ते पान सुरुवातीला डुलतंय असं वाटतं.

पण खरा कस लागला तो आडीला. रूपकाचा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, समेपासून आडीत, म्हणजे दीडपटीत घ्यायचा होता. दोन मात्रांत तीन बोल. स्टाफवाल्याला हे सोपं : दोन मात्रांवर एक कंस, त्यावर 3 चा आकडा, ज्याला ट्युप्लेट म्हणतात. पहिल्या दोन मात्रांना ठीक. पुढचा कंस तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो, आणि रूपकाचा पहिला विभाग तिसऱ्या मात्रेलाच संपतो! विभागाची रेघ कंसाच्या पोटातून जाते. रेघेला खरी बार लाईन, म्हणजे स्टाफमधली गट तोडणारी उभी रेघ, केली तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ट्युप्लेट तिच्यापलीकडे नेताच येत नाही. डोरिकोत नेता येतं, आणि ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले होते.

दोन दिवसांनी पेटी काढून त्याच पानावर हाताने ताल देत बसले तेव्हा शंका आली. आपल्या पद्धतीत हीच आड कशी लिहितात? प्रत्येक मात्रेचे तीन भाग, प्रत्येक बोलाला दोन भाग :

तीऽती ऽनाऽ धीऽना | ऽधीऽ नाऽ...

तिसऱ्या मात्रेच्या शेवटच्या भागात ‘ना’ सुरू होतो आणि रेघ ओलांडून चौथ्या मात्रेच्या पहिल्या अवग्रहात (ऽ) संपतो. कुठे कंस नाही, कुठे रेघ तुटत नाही. आणि मुख्य म्हणजे दर मात्रा कुठे पडते ते डोळ्यांपुढे राहतं. आम्ही स्टाफमध्येही तसंच केलं. दर मात्रेला तीनाचा छोटा कंस, दोन मात्रांत वाटला गेलेला सूर टायने, म्हणजे दोन खुणांचा एकच सूर करणाऱ्या चापाने, जोडलेला, विभागाला तुटक रेघ, पूर्ण रेघ फक्त आवर्तनाला. दोन्ही प्रती वादकांकडे पाठवल्या. मोठ्या कंसाची प्रत दिसायला स्वच्छ होती, तरी चौघांनी दुसरीच स्टँडवर ठेवली, कारण तिच्यात पाय कुठे टाकायचा ते कळत होतं. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी आपली लिपी बसवली त्यांनी हा प्रश्न हातावर ताल देत सोडवला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही अवघड लयीचं काम आधी घरांच्या कागदावर उतरतं, मग सॉफ्टवेअरमध्ये जातं. खंड जातीची तिहाई असेल तर पाचाच्या गटात जोडरेघ 2-3 तोडायची की 3-2, हे बोल म्हणून बघितल्याशिवाय ठरवत नाही. ‘तक तकिट’ आणि ‘तकिट तक’ यांत पाचच अक्षरं असली तरी वाजायला दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सॉफ्टवेअर दोन्हींना नुसतं 5 लिहून मोकळं होतं. समेची फुली स्टाफच्या वरही छापतो. रूपकात सम आणि काल एकाच मात्रेवर, तिथे तळटीप देतो.

आज आम्ही चौघं आहोत. मी, भाचा आणि दोन मुली. एक गाणारी, एक तबला शिकणारी. गाणं-वाजवणं न येणारा माणूस या कामाला घ्यायचा नाही हा नियम मी केला आणि तो मोडलेला नाही. कामाचे पैसे पानावर लावत नाही, आवर्तनावर लावतो. चक्रदार, म्हणजे तिहाईसकट अख्खा तुकडा तीनदा, असलेल्या एका पानाला साध्या ठेक्याच्या दहा पानांइतके कष्ट पडतात.

ऑगस्ट 2024 मध्ये फिनालेचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं. 1988 पासून चालत आलेलं सॉफ्टवेअर. आमच्या हाताला वळण लावलं ते त्यानेच, म्हणून वाईट वाटलं. जुन्या सगळ्या फाइल आम्ही म्युझिक-एक्सएमएलमध्ये, म्हणजे नोटेशन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या फाइल-प्रकारात, काढून घेतल्या. त्यात सूर येतात, लय येते. पानाची मांडणी मात्र पुन्हा हाताने करावी लागते. रोज संध्याकाळी दोन पानं, असं ते चाललंय. घरांच्या कागदाची साधी मजकुराची फाइल मात्र कुठल्याही संगणकावर जशीच्या तशी उघडते, म्हणून आता प्रत्येक कामाची तीही एक प्रत ग्राहकाला देतो.

सध्या टेबलावर एका तबलजींच्या घरातल्या तीन वह्या आहेत. आजोबांचं अक्षर, पेन्सिलीने लिहिलेलं, काही पानं ओल लागून चिकटलेली. एका पानावर नुसतं ‘कुआड’ असं लिहून खाली बोल दिले आहेत, मात्रांची एकही खूण नाही. कुठे कुआड म्हणजे सव्वापट, चार मात्रांत पाच. कुठे आडीची आड, म्हणजे सव्वादोनपट. दोन्ही हिशेबांनी घरं आखून पाहिली. सव्वापटीने शेवटचा धा समेच्या थोडा अलीकडे राहतो, सव्वादोनपटीने तो समेवर येतो, पण मधला एक बोल जास्तीचा धरावा लागतो. तो बोल चिकटलेल्या घडीत आहे की काय, ते पाहायला नातू रविवारी मूळ वही घेऊन येणार आहेत. तोवर ते पान कोरं ठेवलंय.