बदामाचा वास, पण कोणत्या बदामाचा?

बदाम मिल्कची बाटली उघडली की जो वास येतो, तो घरच्या मामरा बदामाला येत नाही. भिजवा, सोला, वाटा, तरी नाही. तो वास बेन्झाल्डिहाइड नावाच्या रसायनाचा. कडू बदामातून, जर्दाळूच्या बीतून, पण बहुतेक वेळा कारखान्यात टोल्युइन या खनिज तेलातल्या रसायनापासून मिळवलेला.

कडू बदामात तो तयार नसतो. अमिग्डालिन नावाच्या रेणूत तो अडकलेला असतो आणि तो रेणू तोडणारं एन्झाइम त्याच बीत, पण वेगळ्या कप्प्यात असतं. बी चावली किंवा पाण्यात वाटली की दोघांची गाठ पडते. मग दोन ग्लुकोज, एक बेन्झाल्डिहाइड आणि एक हायड्रोजन सायनाइड सुटतं. १ ग्रॅम अमिग्डालिनातून सुमारे ५९ मिलिग्रॅम सायनाइड निघू शकतं. माणसाला वजनाच्या किलोमागे ०.५ ते ३.५ मिलिग्रॅम जीवघेणं ठरतं.

‘उकळलं की कडूपणाचं विष जातं’ हा समज धोक्याचा आहे. अख्खी बी उकळली तर एन्झाइम मरतं, अमिग्डालिन बरंचसं तसंच राहतं आणि पुढचं काम आतड्यातले जिवाणू करतात. जर्दाळूची आठळी फोडून आतली बी मुलांना देताना आधी चाखा. कडू लागली तर थुंका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया प्रौढांनाही सुरक्षित पातळीपलीकडे नेऊ शकतात, लहानग्यांना एक छोटी बीही जास्त ठरू शकते.

या वासाच्या बदाम इसेन्सची भीती मात्र लोकांना उगाच वाटते. वास म्हणजे सायनाइड नव्हे. टोल्युइनपासून बनवलेल्यात ते नसतंच. कडू बदामाच्या तेलातून ते चुना आणि फेरस सल्फेटने काढून तेल पुन्हा ऊर्ध्वपातित करतात, म्हणजे त्याची वाफ करून ती थंड करतात. पोटात गेलेल्या बेन्झाल्डिहाइडचं शरीर बेन्झोइक आम्ल करतं, त्याला ग्लायसिन हे अमिनो आम्ल जोडतं आणि हिप्युरिक आम्ल म्हणून लघवीवाटे टाकतं. निव्वळ द्रव मात्र कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, तो थेंबानेच वापरायचा.

खिरीत इसेन्स गॅस बंद करून, वाफ ओसरल्यावर घाला. बेन्झाल्डिहाइड १७८ अंशाला उकळत असलं तरी पाण्याच्या वाफेबरोबर सहज उडून जातं. शिवाय दुधातली प्रथिनं थोडं धरून ठेवतात, म्हणून पाण्याच्या सरबतापेक्षा दुधात वास मंद लागतो.

शुद्ध बेन्झाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक दिसले तर ते बेन्झोइक आम्ल: हवेतल्या ऑक्सिजनने केलेलं काम, उजेडाने वाढवलेलं. अर्धी रिकामी बाटली सर्वांत लवकर बिघडते. तपकिरी काचेच्या लहान बाटल्या घ्या, काठोकाठ भरून थंड जागी ठेवा.