दाजींच्या गाडीतला नववा ब्लॉक

गेल्या मे महिन्यात माझे दाजी पुण्याहून परतत असताना टेंभुर्णीच्या पुढे, भर दुपारी, त्यांच्या २०१४ च्या टोयोटा कॅमरी हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत, हायब्रिड यंत्रणा तपासून घेण्याचा इशारा उमटला. गाडी बंद पडली नाही, मोहोळ ओलांडून ती सोलापूरला घरापर्यंत नीट आली. दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका गॅरेजमध्ये यंत्र जोडून दहा मिनिटांत निकाल देण्यात आला : मोठी बॅटरी गेली, पूर्ण पॅक बदलावा लागेल, खर्च दोन लाखांच्या पुढे. बिघाडाचा कोणता कोड आला होता, हे कोणी कागदावर लिहून दिले नाही. उलट तो पुसून, इशारा घालवून गाडी परत करण्यात आली. संध्याकाळी दाजींचा फोन आला. “विकून टाकू का रे? तू बघून सांग, मग ठरवतो.”

मी मेकॅनिक नाही. पॉलिटेक्निकमध्ये विद्युत मापनाची प्रात्यक्षिके घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि एकाच वाचनावर निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी पूर्ण गुण दिल्याचे मला आठवत नाही. त्या सवयीने मी दाजींना आठ दिवस मागितले.

या गाडीत निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची बॅटरी आहे. १.२ व्होल्टचे २०४ सेल एकसर, म्हणजे एकापुढे एक असे साखळीत, जोडलेले असतात; सहा सेलचे एक मॉड्यूल, अशी ३४ मॉड्यूल, आणि सगळे मिळून २४४.८ व्होल्ट. क्षमता मात्र ६.५ अँपिअर-तास, म्हणजे साठवलेली ऊर्जा जेमतेम दीड युनिटाच्या वर जाते. घरातल्या इन्व्हर्टरला जोडलेली १५० अँपिअर-तासांची बॅटरी यापेक्षा जास्त ऊर्जा साठवते, हे सांगितल्यावर दाजींचा विश्वास बसेना. पण या पॅकचे काम साठवणुकीचे नाहीच. चढावर आणि वेग घेताना क्षणभर मोठा प्रवाह द्यायचा आणि ब्रेक लागताच तो परत घ्यायचा, हे दिवसातून शेकडो वेळा करायचे, एवढेच तिचे काम. त्यामुळे तिचे आरोग्यही कामात असतानाच तपासावे लागते.

पडद्यावर दिसणाऱ्या बॅटरीच्या रेषांवरून पुष्कळ लोक फसतात. त्या रेषा भरणा दाखवतात, आरोग्य नव्हे. शिवाय गाडीचा संगणक बॅटरी साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच खेळवत असल्याने, निम्मी ताकद गेलेली बॅटरीसुद्धा रेषांपुरती धडधाकट दिसू शकते. रेषांकडे पाहायचेच असेल तर त्या किती आहेत यापेक्षा किती झपाट्याने चढतात-उतरतात हे पाहावे. एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत तीन रेषा गेल्या आणि उतारावर तितक्याच लवकर परत आल्या, तर क्षमता आटल्याचे ते लक्षण आहे. दाजींच्या गाडीत तसे थोडे होत होते. मायलेजही लिटरला १६ वरून १३ वर आले होते, पण ते टायरमधील हवेपासून एसीपर्यंत कशानेही खाली येते, म्हणून त्याला मी पुरावा मानला नाही.

सुरुवात मी बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीपासून केली. ती अशक्त झाली की गाडीतले संगणक भलतेसलते इशारे देऊ लागतात आणि दोष मोठ्या बॅटरीच्या माथी जातो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ती १२.५ व्होल्ट दाखवत होती, गाडी तयार स्थितीत आल्यावर १४ च्या वर गेली. तो संशय मिटला. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा छोटा रीडर लावला आणि मोबाईलवर ब्लॉकनिहाय व्होल्टेज उघडले. दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक, असे १७ ब्लॉक संगणक वेगवेगळे मोजतो. पॅक बदलण्याची सूचना देणारा कोड पी०ए८० हा असतो. गॅरेजने कोड पुसल्यानंतरच्या तीन दिवसांत तो उमटला नव्हता. उभ्या गाडीत सतराही ब्लॉक १५.७ ते १५.८ व्होल्टच्या दरम्यान होते. गॅरेजचा निकाल खोटा ठरवायला हे वाचन पुरेसे आहे, असे दाजींना वाटले. मला तसे वाटले नाही, कारण विश्रांतीत सगळेच ब्लॉक सज्जन असतात.

म्हणून आम्ही तुळजापूरला निघालो. सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटर, आणि गावाच्या अलीकडे घाट. देवीचे दर्शन आणि बॅटरीची परीक्षा एकाच फेरीत. दाजी गाडी चालवत होते आणि मी मांडीवर वही घेऊन बसलो होतो. चढावर त्यांनी पाय दाबला तसे सोळा ब्लॉक १४.१ ते १४.३ पर्यंत खाली आले आणि तिथेच थांबले. नववा मात्र १३.३ वर गेला. दर्शन आटोपून उतरताना, ब्रेकमधून वीज परत येत असताना, तोच नववा सर्वांच्या वर चढून बसला. भार पडला की सर्वांत आधी खाली आणि भरणा सुरू झाला की सर्वांत आधी वर, असे जो ब्लॉक करतो त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढलेला असतो. केवळ कमी भरलेला ब्लॉक दोन्ही वेळा खालीच राहिला असता. नववा ब्लॉक पॅकच्या मध्यावर येतो, आणि मधल्या मॉड्यूलना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची उष्णता मिळत असल्याने म्हातारपण तिथे लवकर येते.

त्या फेरीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटला. घाटमाथ्यावर पॅकचे तापमान ५३ अंश होते, बाहेर ४१, आणि मागच्या सीटकडून पंख्याचा आवाज पूर्ण वेगाचा येत होता. ही बॅटरी हवेवर थंड होते आणि ती हवा प्रवाशांच्या कप्प्यातूनच ओढली जाते. पंखा एवढा धावत असून, एसी चालू असून तापमान उतरत नसेल, तर हवा बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही, असाच त्याचा अर्थ होतो. दाजींचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि गाडी दिवसभर यंत्रमागांच्या शेडला लागून, काचा बोटभर खाली ठेवून उभी असते.

पंखा काढण्याचे काम मी स्वतः केले नाही, कोणी करूही नये. माझ्या ओळखीच्या, या कामाची सवय असलेल्या एका माणसाने रबरी इन्सुलेटेड हातमोजे घातले, आधी नारिंगी दांड्याचा सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटे घड्याळ लावून थांबला आणि मगच हात घातला. पंख्याची पाती बाहेर आली तेव्हा ती पाती आहेत हे ओळखू येत नव्हते. कापसाचे बारीक तंतू, करड्या धुळीत मुरून, नमद्यासारखे घट्ट बसले होते. बोटाने ओढले तर एका पात्यावरची गुंडाळी अख्खीच्या अख्खी सुटून आली. त्यात मधोमध एक गुलाबी धागा होता. दाजींनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “हा आपल्याच मालाचा आहे की!”

साफसफाईनंतर आठ दिवसांनी, पाऊस सुरू होण्याआधीच, आम्ही तोच घाट पुन्हा चढलो. माथ्यावर पॅक ४५ अंशांवर होता आणि पंखा मध्यम वेगाने फिरत होता. बॅटरी तापली की संगणक तिच्याकडून घ्यायच्या आणि तिला द्यायच्या प्रवाहावर मर्यादा घालतो आणि इंजिनाला जास्त राबवतो. ती मर्यादा उठल्याने मायलेज पुन्हा १५ च्या पुढे गेले. नवव्या ब्लॉकचा फरक मात्र ०.८ वरून ०.६ वरच आला. धूळ पुसली जाते, उष्णतेने झालेली झीज भरून येत नाही.

त्या ब्लॉकमधली दोन मॉड्यूल बदलून देतो, असे सांगणारे लोक भेटले. स्वस्त पडते, पण जुन्या गाडीतून काढलेले मॉड्यूल बाकीच्यांशी क्षमतेने जुळणारे असेलच असे नाही, आणि एकसर जोडणीत एक जुळले नाही तर त्याचा जाच सर्वांना होतो. आज नववा बदलला तर चार महिन्यांनी आठवा डोके वर काढतो. क्षमता मोजून जुळवलेली मॉड्यूल कोणी लेखी मोजमापासह देणार असेल तरच तो विचार करावा, असे मी दाजींना सांगितले आहे.

गाडी विकलेली नाही. ती आता ऑफिसच्या बाजूला, काचा बंद ठेवून उभी असते. ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये मी वाचने घेतली, फरक ०.५ आणि ०.६ आला, पण थंडीतल्या आकड्यांची तुलना मे महिन्यातल्या आकड्यांशी करणे न्यायाचे नाही, म्हणून वहीत तो रकाना मी मोकळा ठेवला आहे. येत्या मे महिन्यात, एखाद्या ४२ अंशांच्या दुपारी, त्याच घाटात आणि तितक्याच वेगाने नववा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा एक व्होल्टहून जास्त खाली गेला, तर दाजी नव्या पॅकचे पैसे काढून ठेवणार आहेत. नाही गेला तर दिवाळीपर्यंत पुन्हा कोणी विषय काढायचा नाही, असे ठरले आहे. फक्त ताईने, दर्शनाला जाताना या खेपेस वही घरी ठेवा, अशी अट घातली आहे, तिचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.