गणित की एसपी?

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात आमच्या सोसायटीतलं कुणीतरी मला जिन्यात गाठतंच. यंदा बी विंगमधले काका होते. हातात दुधाच्या पिशव्या. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "मुलीला कॉमर्सला ८८ टक्के आहेत हो. सीए कर म्हटलं, तर इकॉनॉमिक्स घेते म्हणते. तुम्ही त्यातल्याच ना? पुढे काय असतं त्यात?"

मी "चांगलं असतं की" असं काहीतरी पुटपुटले आणि स्टेशनकडे पळाले. माझं ऑफिस ऐरोलीला. दिघा गाव धरलं तरी ठाण्याहून दुसरंच स्टेशन, पण तेवढ्या वेळातही चुटपुट लागली. माणसाने मुलीच्या भवितव्याचं विचारलं आणि आपण "चांगलं असतं की" म्हणून सुटलो.

तर काका, तुम्ही विचारलंत म्हणून.

सीए झालेल्या मुलीला दारावर पाटी लावता येते. 'अर्थशास्त्रज्ञ' अशी पाटी ठाण्यात मी एकाही दारावर पाहिलेली नाही. नुसत्या बी.ए.वर ज्या नोकऱ्या मिळतात, त्या कुठल्याही पदवीधराला मिळतात. बँकेची परीक्षा द्या, ऑफिसात एमआयएसचे, म्हणजे साहेबांना पाठवायच्या आकडेवारीचे तक्ते भरा. ह्या विषयाची म्हणून जी कामं आहेत, ती बहुतेक एम.ए.नंतरची. रिझर्व्ह बँक आपल्या आर्थिक संशोधन विभागासाठी वेगळी भरती करते. यूपीएससीतर्फे इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा होते. ही सेवा १९६१ पासून आहे, पण आयएएसचं नाव घेणाऱ्या घरांत हिचं नाव क्वचितच ऐकू येतं. जागा मोजक्या, आणि पदव्युत्तर पदवी लागतेच. शिवाय बँका, पतमानांकन संस्था, विमा कंपन्या, सर्वेक्षणं करणाऱ्या संस्था आहेत. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या काचेच्या इमारतींत बसून परदेशी बँकांसाठी आकडे चाळणारी मुलंही आहेत. प्राध्यापकीचं मात्र गुलाबी चित्र रंगवणार नाही. नेट-सेट ह्या पात्रता परीक्षा काढून वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिकेप्रमाणे पैसे घेऊन शिकवणारे माझ्याच बॅचमध्ये आहेत.

पण हे सगळं नंतरचं. मला त्या दिवशी तुम्हाला एकच उलटप्रश्न विचारायला हवा होता. मुलीने अकरावीला गणित घेतलं होतं की एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस?

मी एसपी घेतलं होतं. दहावीत गणिताने छळलं होतं, आणि सेक्रेटेरियल प्रॅक्टिसमध्ये पत्रं पाठ केली की मार्क पडतात, असं वरच्या वर्गातल्या मुली सांगायच्या. पडलेही. बारावीचं अर्थशास्त्रही तसंच गेलं. फरक स्पष्ट करा, 'खालील विधानांशी आपण सहमत आहात किंवा नाही ते सकारण स्पष्ट करा', की झाले मार्क. मुंबई विद्यापीठात बी.ए.लाही कुणी अडवलं नाही. तीन वर्षं मला वाटत होतं, आपल्याला अर्थशास्त्र येतं.

मग विद्यापीठाच्या कलिना संकुलात एम.ए. कुर्ल्याला उतरायचं, शेअर रिक्षात चौथी म्हणून कोंबून घ्यायचं आणि वर्गात जाऊन बसायचं. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लॅग्रांज मल्टिप्लायर काढला, म्हणजे ठरावीक मर्यादेत सर्वांत जास्त किंवा कमी किती, हे काढायची गणिती रीत. आजूबाजूला कुणाची मान वर झाली नाही, सगळे उतरवून घेत होते. मला त्यातलं फक्त बरोबरचं चिन्ह ओळखीचं होतं. सीमांत उपयोगिता, म्हणजे आणखी एक नग घेतल्यावर मिळणारं जादा समाधान, हे खरं तर गणितातलं डेरिव्हेटिव्ह, बदलाचा दर, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. संत्र्यांचं उदाहरण देऊन ती मी कितीदा लिहिली होती!

शेवटी नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांबरोबर गणिताला बसले. शेवटचा बाक. दुसऱ्याच दिवशी एका मुलाने फार अदबीने विचारलं, "ताई, तुमचे किती अटेम्प्ट झाले?" वर्षभर ते केलं म्हणून निभावलं, पण काही दारं तोवर बंद झाली होती. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या बी.ए. ऑनर्सला बारावीचं गणित लागतंच. आयआयटीत एम.एस्सी.ला जाण्यासाठीच्या 'जॅम' परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचाही पेपर आहे, आणि त्यातही गणित आहेच. हे मला सोळाव्या वर्षी कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

म्हणजे सगळं गणितच का? नाही हो. एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात जायचे. आंब्याचे दिवस होते. वहीत मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात, तिथे भाव ठरतो. इथे दोन माणसांनी एका रुमालाखाली हात घातले, चेहरे अगदी मख्ख ठेवले, बोटं दाबली, आणि पेट्यांचा ढीग विकला गेला. शेजारी उभी राहून मला भाव कळला नाही. पुढच्या गाळ्यावर तोच माल दुसऱ्या भावाने गेला असला, तरी कळलं नसतं. सगळ्यांना सगळी माहिती आहे असं धरून चालणारं प्रकरण आम्ही त्याच आठवड्यात वाचत होतो!

कांद्याचंही तसंच. तुर्भ्यातला आणि ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातला भाव मी महिनाभर शेजारी शेजारी लिहीत होते. "मधला दलाल खातो" हे उत्तर मी आधीच ठरवलं होतं. मग जांभळी नाक्यावरच्या एका मावशींनी माझ्यासमोर गोणी ओतली. सडका वेगळा, कोंब आलेला वेगळा, उरलेला चांगला. टेम्पो, हमाली, आणि संध्याकाळी उतरत्या भावात काढावा लागतो तो माल, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. "आता लिही," म्हणाल्या. दलाल खात नाही असं नाही, पण माझं उत्तर निम्म्याहून जास्त चुकलं होतं.

सध्या मी छोट्या दुकानदारांना कर्ज देणाऱ्या कंपनीत थकीत हप्ते बघते. एकदा एका महिन्यात थकबाकी अचानक चढली आणि वरून मेल आला की शाखा ढिल्या पडल्यात. मी कॅलेंडर उघडलं. महिनाअखेर रविवारी आली होती, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वसुली पुढच्या महिन्यात धरली गेली होती. ह्यात लॅग्रांज कुठेच नव्हता. बारावीतलं ते 'सहमत आहात किंवा नाही, सकारण' मात्र होतं. पगार त्याचाच मिळतो म्हणा ना.

पैशाचं विचाराल, तर पहिल्या पाच-सात वर्षांत सीए झालेला तिचा एखादा भाऊ पुढे असेल. घरात तुलना होईल, आमच्याकडेही झाली.

काल काका पुन्हा जिन्यात भेटले. या वेळी मीच थांबवलं आणि विचारलं, "गणित की एसपी?"

ते गोंधळले. म्हणाले, "ते तिच्या आईला माहीत असेल. विचारून सांगतो."