आन्दोंगचा एक दिवस: मुखवटे, खारा मासा आणि खोट्या श्राद्धाचं जेवण

दक्षिण कोरियातल्या आन्दोंगजवळच्या हाहवे गावाला जाणारी बस चार मिनिटांनी चुकली, ती माझ्या कॉफीपायी. स्टेशनवर उतरल्यावर ‘एक कप घेऊन निघू’ म्हटलं, आणि कप हातात पडेपर्यंत 210 नंबरची बस निघून गेलेली. या बसगाड्या तासातासाने, कधी त्याहूनही जास्त अंतराने सुटतात. शेवटी टॅक्सी केली. पंचवीस-तीस हजार वॉनची फोडणी, म्हणजे आपले दीड-पावणेदोन हजार रुपये. बसला माणशी दीड हजार वॉनच्या आसपास लागले असते. म्हणून पहिला सल्ला हाच, की कॉफी गाडीतच पिऊन घ्या.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. आई पुण्याहून महिनाभरासाठी आमच्याकडे सोलला आली होती. राजवाडे दाखवून झाले, बाजार फिरवून झाले. ‘इथलं एखादं साधं गाव दाखव ना’ असं ती म्हणाली, तेव्हा नवऱ्याने आन्दोंगचं नाव काढलं. सुमारे दीड लाख वस्तीचं हे शहर डोंगरांच्या आत, नाकदोंग नदीकाठी आहे. कन्फ्यूशियन विद्वानांचा हा बालेकिल्ला. अडचण एकच, आई शुद्ध शाकाहारी आणि आन्दोंगची ख्याती कोंबडी आणि मासळीसाठी. डब्यात दशम्या घेतल्याच होत्या. त्या तशाच परत आल्या, ते कसं ते पुढे येईलच.

सोलच्या चॉंगन्यांगनी स्टेशनवरून केटीएक्स-ईऊम ही वेगवान गाडी दोन तासांत आन्दोंगला पोचवते. तिकीट साधारण 25 हजार वॉन. जानेवारी 2021 मध्ये ही गाडी सुरू झाल्यापासून एका दिवसात जाऊन येणं सोपं झालंय. तिकिटं महिनाभर आधी खुली होतात. शनिवार-रविवारच्या, त्यातही पानगळीच्या दिवसांतल्या संध्याकाळच्या परतीच्या गाड्या भराभर भरतात, तेव्हा परतीचं तिकीट आधी काढा आणि मग जायचं बघा. आणखी एक, जुनं स्टेशन शहराच्या मध्यात होतं, आताचं गावाबाहेर बस टर्मिनलशेजारी आहे. जुन्या प्रवासवर्णनांत ‘स्टेशनसमोरच बाजार’ असं वाचून जाल तर समोर नुसता मोकळा रस्ता दिसेल. गूगलचा नकाशा इथे बसच्या बाबतीत फार कामाचा नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप फोनवर ठेवा, आणि बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड सोलमधूनच भरून न्या.

हाहवे म्हणजे वळणारं पाणी. नदी गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालून जाते. तिकीट 5,000 वॉन. तिथून गावापर्यंत सव्वा किलोमीटर आहे आणि ते अंतर छोटी बस नेते. गुडघे चांगले असतील तर एकदा तरी नदीकाठच्या वाटेने चाला. आईने येताना चालत यायचं ठरवलं आणि वाटेत तीनदा बसली, पण कुरकुरली नाही.

गाव पुंगसान यू घराण्याचं. मध्यभागी कौलारू वाडे, कडेने गवताने शाकारलेली घरं, आणि सगळ्यांच्या मधोमध सहाशे वर्षांचं मानलं जाणारं झेल्कोवाचं झाड. त्याच्याभोवती दोरीला चिठ्ठ्या बांधलेल्या. पांढऱ्या कागदावर मागणं लिहायचं आणि बांधायचं. आईने मराठीत लिहिलं, घडी घालून बांधलं आणि काय लिहिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. 2010 पासून हे गाव जागतिक वारशात आहे, पण ते संग्रहालय नाही, लोक तिथे राहतात. कुंपणावर मिरच्या वाळत होत्या, एका अंगणात आजी कोबी धूत होत्या. फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. पाटी असेल तिथेच जा.

या घराण्यातला मोठा माणूस म्हणजे यू सॉंगर्‍यॉंग. 1592 साली जपानी फौजा कोरियावर चालून आल्या त्या युद्धात तो पंतप्रधानाच्या पदावर होता. नौदलप्रमुख यी सुनशिनला वर आणणारा तोच. युद्धानंतर त्याने काय चुकलं याचा कबुलीजबाब म्हणावा असा ग्रंथ लिहिला. त्याच्या नावच्या चुंगह्योदांग या वाड्यात इंग्लंडची राणी एलिझाबेथ 1999 च्या एप्रिलमध्ये येऊन गेली. तिचा 73 वा वाढदिवस हाहवेतच झाला. वाड्यात शिरताना तिने चपला काढल्या, याचं कोरियन लोकांना आजही अप्रूप आहे. ‘मग काय चपला घालून जाणार होती?’ असं आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

गावाच्या टोकाला पाइनची राई आणि पलीकडच्या काठावर 64 मीटर उंच बुयोंगदे हा कडा. त्या कड्यावरून अख्खं गाव आणि नदीचं वळण एका नजरेत दिसतं. आम्ही गेलो नाही, वेळ आणि आईचे गुडघे दोन्ही पुरले नसते. मार्च 2025 मध्ये शेजारच्या उइसॉंगहून वणवा भडकत आला तेव्हा हाहवेच्या लोकांना रात्री घरं सोडायला सांगितलं होतं, आणि अग्निशमनवाले शाकारलेल्या छपरांवर पाणी मारत बसले होते. गाव वाचलं. ती छपरं हाताला किती कोरडी लागतात ते पाहिल्यावर त्या रात्रीची कल्पना येते.

दुपारी दोन वाजता मुखवट्यांचा खेळ असतो, हाहवे ब्यॉलशिनगुत थालनोरी. मार्च ते डिसेंबर सोमवार सोडून बहुतेक दिवस, थंडीच्या दोन महिन्यांत फक्त शनिवार-रविवार, आणि फुकट. निघण्यापूर्वी त्या दिवशीचा खेळ आहे ना ते बघून घ्या, कारण सगळा दिवस याच वेळेभोवती बसवावा लागतो. खेळाच्या आधी तिकीटघराजवळच्या मुखवटा संग्रहालयात अर्धा तास घालवा. भाषा कळत नसली तरी पात्रं ओळखता आली की खेळ कळतो.

मुखवटे ऑल्डरच्या लाकडाचे. सरदार, पंडित, भिक्षू आणि खाटीक या चौघांची हनुवटी वेगळी, दोरीने बांधलेली. नटाने मान मागे टाकली की तोंड उघडतं आणि मुखवटा खदखदा हसतो, मान खाली घातली की तोच चेहरा रागावतो. इमे नावाच्या भोळ्या नोकराच्या मुखवट्याला मात्र हनुवटीच नाही. दंतकथा अशी, की हॉ नावाच्या तरुणाला देवाने एकांतात मुखवटे कोरायला सांगितले, कोणी पाहता कामा नये ही अट घातली. त्याच्यावर जीव असलेल्या मुलीने खिडकीच्या कागदाला भोक पाडून डोकावलं, आणि तो रक्त ओकून मेला. शेवटचा मुखवटा अर्धाच राहिला.

खेळ म्हणजे आपल्या वगातल्या सोंगाड्याचा चुलतभाऊ शोभावा असा. खाटीक बैल मारतो आणि त्याचे वृषण मर्दानी ताकदीसाठी म्हणून प्रेक्षकांत विकत फिरतो. तो आईसमोर येऊन उभा राहिला. आईने विचारलं, ‘हे काय आहे गं?’ मी म्हटलं, ‘बटाटा.’ नवरा शेजारी तोंड दाबून हसत होता. सगळ्यात बहार येते ती सरदार आणि पंडिताच्या भांडणात. सरदार म्हणतो, मी ‘सादेबु’ घराण्यातला. हा शब्द उच्चकुलीन अधिकाऱ्यांसाठी, पण ‘सा’चा दुसरा अर्थ ‘चार’ असाही होतो. पंडित म्हणतो, तू चार तर मी आठ, ‘पालदेबु’! एक म्हणतो मी चार ग्रंथ तीन सूत्रं वाचली, दुसरा म्हणतो आठ ग्रंथ सहा सूत्रं. ती सहा सूत्रं कोणती, तर यादीत आंधळ्याचा चष्मा येतो, मुलींची पाळी येते, गड्याचा पगारही येतो, कारण कोरियनमध्ये या सगळ्यांच्या शेवटी ‘ग्यॉंग’ आहे. गावातले गरीब लोक हा खेळ सरदारांच्या समोर करत आणि खर्च सरदारच देत. वर्षातून एकदा शिव्या खाऊन बाकीचे दिवस शांततेत काढायचे, हा हिशेब मला तरी बनेल वाटला.

खेळाआधी फाटकाजवळच्या बाजारात जेवलो होतो. मी गान-गोदुंगॉ मागवला, म्हणजे खारवलेला बांगड्याच्या जातीचा मासा. समुद्र इथून लांब. पूर्वी यॉंगदॉकच्या किनाऱ्यावरून बैलावर किंवा पाठीवर मासा यायला दिवस लागे. आन्दोंगच्या वेशीशी येईतो तो नासण्याच्या बेताला येई, आणि तिथे मीठ चोळत. नेमकं त्या घडीला मीठ लागलं की चव खुलते, असं इथले लोक सांगतात. मालवणात वाढलेल्या माणसाला खारवलेल्या बांगड्याचं कौतुक काय सांगायचं, पण हा जाडा, तुपकट आणि बेताचा खारट असतो, निखाऱ्यावर भाजून भातासोबत येतो. आईने भात, पालक आणि मोडाच्या भाजीवर भागवलं. किमचीला तिने हात लावला नाही ते बरंच झालं, किमचीत बहुधा खारवलेली कोलंबी किंवा मासळीचा रस असतो.

परतीची बस थेट शहरात नेते. जुन्या बाजारातली जिमदाकची, म्हणजे सोया सॉसमध्ये शिजवलेल्या कोंबडीची, गल्ली चुकणं अशक्य, लसूण आणि सोया सॉसचा वास रस्त्यापर्यंत येतो. दुकानांच्या तोंडाशीच मोठ्या कढयांत प्रचंड आचेवर कोंबडी, बटाटा, गाजर, सुक्या मिरच्या आणि रताळ्याच्या पिठाच्या पारदर्शक शेवया रटरटत असतात. ऐंशीच्या दशकात इथल्या कोंबडी तळणाऱ्यांनी परक्या फ्राइड चिकनपुढे टिकायला हा पदार्थ काढला, असं म्हणतात. एक अख्खी कोंबडी तीस-पस्तीस हजार वॉनला, तिघाचौघांना पुरते. दोघंच असाल तर अर्धी मिळते का ते बसण्याआधी विचारा. कोणत्या दुकानात जावं यावर डोकं फोडू नका, फरक उन्नीस-बीस आहे. शेवया आधी संपवा, नाहीतर त्या सगळा रस्सा पिऊन लगदा होतात. तिखट दिसतं तितकं नसतं, फक्त काळ्या पडलेल्या सुक्या मिरच्या बाजूला काढा. नवऱ्याने एक चावली आणि पुढची दहा मिनिटं बोलला नाही. इथून पाच मिनिटांवर मॅमथ बेकरी आहे, 1974 पासूनची. तिथला क्रीम चीजचा गोल पाव आईला इतका आवडला, की तिने पुण्याला नेण्यासाठी चार मागितले. ते दोन दिवसांत वाळतात, तेव्हा ताजेच खा.

अंधार पडता पडता टॅक्सीने दहा मिनिटांत वॉर्यॉंगग्यो पुलावर आलो. 2003 साली बांधलेला, 387 मीटर लांबीचा हा पायी चालायचा लाकडी पूल, मध्यावर मंडप. त्याचा आकार गवती चपलेवरून घेतलाय. 1998 साली शहरात घरं बांधताना यी उंगते नावाच्या माणसाची कबर उघडली गेली. तो 1586 मध्ये तिशीतच वारला होता. शवाशेजारी त्याच्या बायकोने स्वतःच्या केसांनी विणलेली चप्पल आणि एक पत्र सापडलं. केस पांढरे होईतो एकत्र राहू आणि एकत्रच मरू म्हणायचास, मग मला आणि मुलाला टाकून कसा गेलास, असं तिने लिहिलंय. पोटात बाळ होतं. कागद संपला तेव्हा तिने कडेच्या मोकळ्या जागेत आडवं लिहिलं, मग वरच्या बाजूला उलटं. हे सांगितल्यावर आई जरा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘आम्हीही अंतर्देशीय पत्रात असंच कडेकडेने लिहायचो. चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा.’

पुलासमोरच हॉत्जेसाबाप देणारी हॉटेलं आहेत, आणि शाकाहारी माणसाने आन्दोंगला येण्याचं कारण माझ्या मते हेच. नावाचा अर्थ, खोट्या श्राद्धाचं जेवण. रात्री अभ्यासाला बसलेल्या पंडितांना भूक लागली की ते पितरांच्या पूजेचं निमित्त करून ताट मागवत, अशी गोष्ट सांगतात. पितरांच्या ताटात लाल मिरची आणि लसूण चालत नाही, त्यामुळे हा बिबिंबाप, म्हणजे भाज्यांसोबत कालवायचा भात, गोचुजांग या मिरचीच्या लाल चटणीशिवाय येतो. पितळी भांड्यात फर्नचे कोवळे देठ, दोराजीची मुळं, मुळा, पालक, मोड. वर भात घालायचा आणि सोया सॉसने कालवायचं. मिरची नाही, लसूण नाही, ताट पितरांचं. आईला समजावून सांगायची गरजच पडली नाही. पण सोबत येणाऱ्या रश्श्यात गोमांस असतं आणि तव्यावर परतलेल्या तुकड्यांत मासा-मांस असतं. ते आधीच ‘गोगी प्पेगो जुसेयो’ (मांस काढून द्या) म्हणून काढायला सांगा. ‘गोगी’ म्हटलं की मासा त्यात धरतीलच असं नाही, म्हणून ‘सेंगसॉन-दो’ (मासाही) जोडा. आम्ही फोनवर कोरियनमध्ये लिहून दाखवलं. मालकीणबाईंनी रस्सा नेला आणि त्याऐवजी भाज्यांची आणखी एक वाटी आणली. ही हॉटेलं रात्री लवकर बंद होतात. सातच्या पुढे जाऊ नका.

जेवणाअखेर आन्दोंगचं शिख्ये आलं. इतर कोरियात शिख्ये म्हणजे तांदळाचं गोड पांढरं पेय, इथलं मात्र लालसर. मुळ्याचे तुकडे, आलं, मिरचीचं पाणी आणि आंबवलेला चिकट भात. नवऱ्याला अजिबात झेपलं नाही. आईने दोन वाट्या प्यायल्या, ‘हे तर पोटाला उत्तम’ म्हणत एक बाटली विकत घेतली आणि पिशवीत दशम्यांच्या डब्याशेजारी आडवी ठेवली. ते आंबतच असतं हे लक्षात ठेवा. बाटली उभी धरा आणि झाकण अधूनमधून सैल करा. आम्हाला हे गाडी अर्ध्या वाटेत असताना कळलं, आणि दशम्या घरी पोचल्या त्या गुलाबी होऊनच.